आधी नोंदवही, मग रंग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यात एखादे जुने लष्करी विमान स्वयंसेवकांनी दुरुस्त करून पुन्हा उडवावे, अशी सूचना आपल्या वाचकांच्या पत्रांतून पुढे आली आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायरच असावे असा आग्रहही आहे. सूचना आम्हाला मनापासून आवडली. मात्र या चर्चेत इंजिन, रंग आणि देणगी याच तीन गोष्टींचा जप चालला आहे. जुने विमान पुन्हा उडते की कायमचे चौथऱ्यावर जाते, याचा निकाल बहुतेक वेळा इंजिनाला हात लागण्यापूर्वीच लागलेला असतो. म्हणून हे पत्र.

प्रथम स्पिटफायरविषयी. ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची स्क्वाड्रन १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली, तिला बडोदा संस्थानचे नाव मिळाले आणि ती स्पिटफायर उडवत असे, हे खरे. पण ती लढली युरोपात. बडोद्याच्या आकाशाशी तिचे नाते नावापुरतेच होते. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचे, २७ लिटरचे. ते उघडून पुन्हा बांधणारे कारखाने जगात मोजके आहेत आणि तिथली बिले हौशी मंडळाच्या आवाक्यातली नसतात. शिवाय हे इंजिन ग्लायकोल-पाण्याने थंड होते आणि रेडिएटर पंखाखाली असतात. विमान जमिनीवर रांगत असते तेव्हा त्यांना पुरेशी हवा मिळत नाही, खाली सोडलेल्या चाकाचा पायही ती अडवतो. इंग्लंडच्या गारठ्यातसुद्धा वैमानिक तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून घाईघाईने धावपट्टी गाठतात. बडोद्याच्या हरणी विमानतळावर मे महिन्यातल्या दुपारी काय होईल, ते सांगायला नको.

आपल्याकडची उदाहरणेही नीट वाचायला हवीत. वायुसेनेचे टायगर मॉथ हे जुने प्रशिक्षण विमान २०१२ च्या वायुसेना दिनी पुन्हा उडाले, आणि 'परशुराम' नावाचे डाकोटा मालवाहू विमान, व्हीपी ९०५, एप्रिल २०१८ मध्ये कॉव्हेंट्रीहून निघून युरोप आणि आखातातून मजल दरमजल करत आपल्याच गुजरातेत, जामनगरला प्रथम उतरले. दोन्हींचे पुनरुज्जीवन ब्रिटनमध्ये झाले. आपल्याकडे कसबी माणसे नव्हती म्हणून नव्हे. तिथे त्या जातीच्या विमानांचे सुटे भाग, मूळ आराखडे आणि मान्यता असलेल्या कार्यशाळा एकमेकांच्या हाताशी आहेत, म्हणून.

आमची शिफारस टायगर मॉथची. चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, १३० अश्वशक्तीचे जिप्सी मेजर इंजिन, धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडाचे, वरून कापड, आणि रिकामे वजन साधारण ५०० किलो. अशी ८,००० हून अधिक विमाने बनली, त्यामुळे भाग अजून मिळतात आणि आजार सगळे माहीत आहेत. भावनेचा कौल आमच्यातही एचटी-२ कडे आहे. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली आरेखन झालेले, १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालेले ते आपले स्वतःचे विमान. पण त्याच्या सिरस मेजर इंजिनाचे भाग शोधणे जिप्सीपेक्षा कितीतरी अवघड आहे. ते दुसरे विमान असावे, पहिले नव्हे. आणि जेट तर मुळीच नको. इजेक्शन सीटमध्ये स्फोटक काडतुसे असतात, त्यांना मुदत असते, आणि रविवारच्या मंडळाने त्यांच्याजवळ फिरकू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. विमान हाती आले की उत्साही मंडळी पहिल्या महिन्यात दोन कामे करतात: रंग खरवडतात आणि इंजिन फिरवून बघतात. दोन्ही चुकीची. रंगाखाली कारखान्याचे शिक्के, भागांचे क्रमांक, जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा असतात. सॅण्डपेपरने त्या गेल्या की तो भाग निनावी होतो, आणि निनावी भागावर कोणताही परवानाधारक अभियंता सही करणार नाही.

इंजिनाचे कारण वेगळे. जिप्सी मेजर उलटे बसवलेले असते, म्हणजे सिलिंडर खाली लोंबतात. विमान उभे राहिले की तेल पाझरून सिलिंडरमध्ये साचते. तेल दबत नाही. पंखा (प्रोपेलर) जोर लावून फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो तेव्हा मोडत नाही, पुढे कधीतरी हवेत मोडतो. हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण विमानातल्यासारख्या तारकाकृती इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांतही हेच होते. उपाय साधा: स्विच बंद असल्याची खात्री करून सगळे प्लग काढावेत, तेल निथळू द्यावे, मगच हाताने सावकाश फिरवावे. पंखा अडला तर उलटा फिरवून 'मोकळा' करू नये. तसे केल्याने तेल हवेच्या नळीत जाते आणि इंजिन सुरू होताच पुन्हा सिलिंडरमध्ये ओढले जाते.

पहिल्या वर्षी करायचे ते काम कंटाळवाणे आहे. विमान उघडायचे, प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचा आणि सुटणाऱ्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर भागाचा क्रमांक, कुठून निघाला, डावा की उजवा, वर की खाली, कोणी काढला, तारीख. हिरवी चिठ्ठी वापरण्याजोग्याला, पिवळी दुरुस्तीच्या, लाल बाद भागाला. लाल चिठ्ठीचा भाग त्याच दिवशी करवतीने कापून टाकावा. अख्खा ठेवला तर दोन वर्षांनी कोणीतरी तो कपाटातून काढून 'अरे, हा तर चांगला दिसतोय' म्हणत बसवतो. पंधरा माणसे, वर्षातले पंचेचाळीस रविवार, दर रविवारी पाच तास, असे वर्षाला ३,३७५ तास होतात. यातले निम्मे लिहिण्यात, धुण्यात आणि शोधण्यात गेले तर ते वाया गेले असे कोणी समजू नये.

चौथऱ्यावर उभे राहिलेले विमान असेल तर आणखी सावध राहावे. त्याला बसवताना खांबासाठी भोके पाडलेली असतात, कधी थेट मुख्य स्पारमध्ये, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईत. पोटात पावसाचे पाणी आणि कबुतरांची विष्ठा साचते. विष्ठा ॲल्युमिनियम खाते. वर दर काही वर्षांनी दिलेल्या इनॅमलचे थर. ते सगळे झाकतात आणि वजनही वाढवतात. अशा विमानाला कधीकधी एकच प्रामाणिक सल्ला देता येतो: नीट साफ करा, कोरडे ठेवा आणि उडवायचे नाव काढू नका. जुन्या कॉकपिटमधल्या अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो. ती उपकरणे उघडू नयेत, पुसूही नयेत. पिशवीत बंद करून वेगळी ठेवावीत आणि जाणकाराकडून तपासून घ्यावीत.

लाकूड. टायगर मॉथच्या पंखाचे कापड उतरवले की आतून स्प्रूसचा सांगाडा निघतो, आणि तो बहुधा सुंदर दिसतो. त्या दिसण्यावर भाळू नये. जुने सांधे केसीनच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या गोंदाने जोडलेले असतील तर दमट हवेत त्याला बुरशी लागते आणि गोंदाची भुकटी होते. बाहेरून सांधा जसाच्या तसा. पातळ फीलर गेजची पट्टी सांध्यात शिरते का, ते बघावे. नाण्याने ठोकून आवाज ऐकावा. चांगला सांधा टणक वाजतो, सुटलेला बद्द. लोखंडी पट्टीखाली बोल्टभोवती काळसर डाग दिसला तर पट्टी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, पाणी तिथेच अडकून बसलेले असते. स्पारवर आडवी, केसासारखी बारीक सुरकुती दिसली तर ते लाकूड कधीतरी दाबाने चुरले आहे. तिरप्या उजेडात टॉर्च धरली तरच ती दिसते. तिला दुरुस्ती नाही, स्पार बदलायचा. नव्या लाकडाचे तंतू पंधरा इंच लांबीत एका इंचापेक्षा जास्त तिरके नकोत, इंचात किमान सहा वार्षिक वलये हवीत, ओलावा ८ ते १२ टक्के. दांडिया बाजारातला उत्तम सुतार हे काम शिकू शकतो. फक्त लाकडाच्या वखारीत मिळणारी फळी त्याच्या हातात देऊ नये.

बोल्टांचेही तेच. ब्रिटिश बनावटीच्या विमानात बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे असतात. पाव इंची बीएसएफ नटाला इंचात २६ आटे. बाजारात मिळणाऱ्या एम-६ बोल्टचे आटे एक मिलिमीटर अंतरावर, म्हणजे इंचात २५.४. फरक इतका थोडा की एम-६ बोल्ट त्या नटात बिनबोभाट शिरतो आणि हाताने शेवटपर्यंत फिरतो. पण त्याचा व्यास ६ मिलिमीटर, आणि हवा ६.३५. आटे एकमेकांना फक्त टोकांनी धरून असतात. पान्याने आवळताना ते कापले गेले तर नशीब, कारण चूक तिथेच कळते. कापले गेले नाहीत तर तो बोल्ट विमानाबरोबर वर जातो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत यापेक्षा कितीतरी अवघड बोल्ट रोज बनतात, याची आम्हाला कल्पना आहे. प्रश्न कौशल्याचा नाही. धातूचा दाखला, उष्णतोपचाराची नोंद आणि बॅच क्रमांक नसलेला बोल्ट विमानासाठी भंगारच.

हा काटेकोरपणा कागदी घोडे नाचवण्यासाठी नाही. टायगर मॉथच्या धडाच्या तळातून आडव्या पोलादी सळ्या जातात. दोन्ही बाजूंचे खालचे पंख त्याच एकमेकांशी जखडून ठेवतात. डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ एका टायगर मॉथचे पंख हवेतच मोडले आणि आतले दोघेही गेले. चौकशीत दिसले की त्या सळ्या आट्यांच्या जागी थकव्याने तडकल्या होत्या. त्या जुन्या मूळ सळ्या नव्हत्या, नव्याने बनवून बसवलेल्या होत्या, आणि ठरवून दिलेले आयुष्य संपण्याच्या बऱ्याच आधी तुटल्या. नवा भाग म्हणजे चांगला भाग, हा समज इतका महाग पडू शकतो. हार्वर्ड घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की त्याच्या पंखजोडाच्या कोनपट्ट्यांना तडे जातात आणि त्या रंगद्रव्याच्या चाचणीने ठरावीक तासांनी तपासाव्या लागतात.

कापडाचे काम बडोद्याच्या शिंप्यांना आणि गृहिणींना जमेल, किंबहुना आमच्यापेक्षा चांगले जमेल. पूर्वी लिनन असे. आता बहुतेक ठिकाणी विमानासाठीच विणलेले पॉलिस्टर वापरतात. लिनन डोपने, म्हणजे वाळताना कापड ताणणाऱ्या लाखेसारख्या द्रावाने ताणले जाते, पॉलिस्टर इस्त्रीने. इस्त्री आधी थर्मामीटर लावून तपासावी, तिच्या चकतीवरच्या खुणांवर विसंबू नये. सुरुवातीला सुमारे १२० अंश सेल्सिअस, शेवटचा ताण १७५ च्या आसपास. १९० च्या पुढे गेले की कापड उलट सैल पडते. घाईने एकाच बाजूला पूर्ण ताण दिला तर मागची नाजूक कड वाकते, म्हणून दोन्ही बाजू थोड्या थोड्या घ्याव्यात. मग मेण लावलेल्या दोऱ्याने कापड पंखाच्या प्रत्येक रिबला, म्हणजे फासळीला शिवायचे, दर टाक्याला गाठ, म्हणजे एक टाका तुटला तर ओळ उसवत नाही. पंख्याच्या झोतात येणाऱ्या भागात टाके अधिक जवळ. नेमके अंतर त्या विमानाच्या पुस्तकात असते आणि ते 'अंदाजे' घ्यायचे नसते. टाक्यांवर कातरलेल्या कडेची पट्टी.

आणि पंखाच्या मागच्या कडेला, सर्वांत खालच्या बिंदूंवर, पाणी निथळण्याची बारीक भोके. ही भोके रंगारी हमखास बुजवतो. एवढ्याशा कारणाने पंख आतून कुजलेले आहेत. रंग झाल्यावर काडी घालून प्रत्येक भोक मोकळे असल्याची खात्री करावी आणि तीही वहीत लिहावी.

डोप मारायला आपल्याकडे दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि थर पांढुरका, ठिसूळ होतो. मे महिन्यात उलट, ब्रशचा फटकारा मिसळण्यापूर्वीच वाळतो. मधल्या थरांत ॲल्युमिनियमची भुकटी असते ती चकाकीसाठी नव्हे, ऊन अडवण्यासाठी. ती वगळून नुसता सुंदर पिवळा रंग दिला तर काही उन्हाळ्यांत कापड बोटाने फाटते. नायट्रेट डोप जुन्या सिनेफिल्मच्या कुळातले, ठिणगीने भडकणारे आहे. लहान डबे, उघडी खिडकी, जवळ वेल्डिंग नाही.

शेड कुठे घ्यावी हाही तांत्रिकच प्रश्न आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी कुठवर आले होते, ते बडोदेकरांना सांगायला नको. स्वस्त मिळाली म्हणून सखल भागातली गोदामे घेऊ नयेत. पंख जमिनीवर ठेवायचेच नाहीत. गादी लावलेल्या लाकडी घोड्यांवर (तिवयांवर), कडेवर उभे. नोंदवह्यांची एक प्रत दुसऱ्या घरात, वरच्या मजल्यावर.

इंधनाबाबत बडोदे भाग्यवान आहे. पिस्टन इंजिनांचे एव्हीगॅस १०० एलएल इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले ते आपल्याच कोयली रिफायनरीत बनवून. जिप्सी मेजरला मुळात एवढ्या ऑक्टेनची गरज नाही, आणि त्यातले शिसे प्लगवर बारीक गोळ्यांसारखे बसते. त्यामुळे प्लग वेळापत्रकापेक्षा लवकर काढून साफ करावे लागतात. पेट्रोल पंपावरचे पेट्रोल मात्र परवानगीशिवाय टाकू नये. त्यातल्या इथेनॉलने टाकीचे जुने लेप आणि रबरी नळ्या सुटतात.

जुळणीच्या वेळची एकच गोष्ट लिहितो, कारण ती सर्वांत सोपी आणि सर्वांत जीवघेणी आहे. नियंत्रणाच्या तारा जोडल्यावर दांडी डावीकडे केली की डावे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, वर गेले पाहिजे. तार उलटी जोडली तरीही सगळे अगदी सुरळीत हलते, फक्त उलट्या दिशेने. ज्याने जोडणी केली त्याने तपासून सही करावी, आणि दुसऱ्या, त्या कामात हात नसलेल्या माणसाने स्वतंत्रपणे तपासून दुसरी सही करावी. दुसऱ्याने पहिल्याला 'झालं ना?' असे विचारून सही करायची नाही. तार ताणणाऱ्या टर्नबकलच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, लॉकिंग वायर घट्ट होण्याच्या दिशेने ओढलेली हवी, आणि काढलेली स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही, ती कितीही सरळ करता आली तरी.

इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर ३० सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर लगेच बंद करावे. लाकडी पंख्याचे बोल्ट ऋतू बदलला की पुन्हा तपासावेत. पावसाळ्यात फुगलेले लाकूड थंडीत आकसते आणि बोल्ट सैल पडतात. रंगानंतर विमान तीन काट्यांवर तोलून गुरुत्वमध्य नव्याने काढावा. शेपटीकडे चढलेला एकेक किलो लांब दांड्याच्या टोकाला बसलेला असतो. मालकी हस्तांतराची कागदपत्रे, नागरी नोंदणी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी (डीजीसीए) पत्रव्यवहार हे सगळे विमान ताब्यात घेण्यापूर्वी सुरू करावे, नंतर नाही. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे, तेव्हा जुनी माहितीपत्रके पाहून अर्ज करू नयेत.

माणसांची बडोद्यात वाण नाही. कलाभवनाच्या परंपरेतले अभियंते, कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर-टर्नर, आणि आता सी-२९५ या वाहतूक विमानाचा कारखाना आल्यापासून विमानाच्या रिव्हेटला हात लावलेली तरुण मुलेही. वायुसेनेच्या ११ स्क्वाड्रनमुळे हरणीला विमानांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. यांच्यातला एक तरी परवानाधारक देखभाल अभियंता पहिल्या रविवारपासून हजर हवा. शेवटी त्याला सहीपुरता बोलावले तर तो सगळे पुन्हा उघडायला लावेल, आणि त्याचेच बरोबर असेल.

एक विनंती आपल्या वाचकांना. दिवाळीची साफसफाई तोंडावर आहे. माळ्यावर किंवा जुन्या पेटीत '१/४ डब्ल्यू', '५/१६ बीएस' असे कोरलेले नट आवळायचे पाने सापडले तर भंगारवाल्याला देऊ नका. त्यांच्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या व्यासाचा असतो, म्हणून आजच्या कुठल्याच नटाला ते बसत नाहीत आणि निरुपयोगी वाटतात. टायगर मॉथला मात्र तेच लागतात. तसेच कापडी पुठ्ठ्याची इंजिन लॉगबुके, तेलाचे डाग पडलेली देखभालीची पुस्तके. पाने फाटलेली असली तरी चालतील, फक्त चिकटपट्टी लावू नका.

आपले,
विमान देखभालीच्या कामातील काही निवृत्त तंत्रज्ञ,
बडोदे